जुन्या मस्टँगला कोणते टायर आणि कोणती चाके?

दर वर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटपासून उत्तरेकडे जाणाऱ्या वुडवर्ड ॲव्हेन्यूवर हजारो जुन्या गाड्या रांगेने फिरतात. १९९५ पासून चालत आलेला हा सोहळा पाहायला त्या परिसरातील वाहन उद्योगात काम करणारी मराठी कुटुंबेही जातात, आणि त्यांतल्या एखाद्याच्या मनात साठच्या दशकातली फोर्ड मस्टँग घेण्याची इच्छा घर करून बसते. इंजिन, गंज, कागदपत्रे यांची नीट चौकशी होऊन गाडी दारात येते. मग टायर बदलायची वेळ येते, आणि गाडीच्या मूळ पुस्तिकेत आकार लिहिलेला असतो ६.९५-१४. आजच्या टायरच्या दुकानात हा आकार कोणी ऐकलेला नसतो, आणि दुकानदार संगणकात पाहून जो जवळचा आकार सांगतो तो कशाच्या जवळचा आहे, हे गाडीच्या मालकाला कळत नाही.

घोळ येथेच सुरू होतो. जुना आकडा आणि नवा आकडा एकाच मोजपट्टीवरचे नाहीत, त्यामुळे ते एकमेकांशेजारी ठेवून काहीच उलगडत नाही. जुळवायच्या असतात त्या तीन गोष्टी: टायरची एकूण उंची, वजन पेलण्याची त्याची क्षमता, आणि मडगार्डाखाली तो नेमका कुठे उभा राहतो. त्या कशा जुळवायच्या, हे १९६५ आणि १९६६ सालच्या मस्टँगच्या उदाहरणावरून पाहू. हिशेबाची रीत शेव्हरले, डॉज, कॅडिलॅक या गाड्यांनाही तीच आहे.

आधी एक शब्द पक्का करून घ्यावा. बोलताना आपण टायरसकट सगळ्याला चाक म्हणतो. या लेखात चाक म्हणजे टायर उतरवल्यावर उरतो तो धातूचा भाग.

टायरवरच्या आकड्यांच्या तीन पिढ्या

६.९५-१४ यातील १४ म्हणजे चाकाचा व्यास इंचांत, आणि ६.९५ म्हणजे हवा भरलेल्या टायरची अंदाजे रुंदी, तीही इंचांत. उंचीचा यात उल्लेखच नाही, कारण त्या काळी बहुतेक टायरांची घडण सारखीच असे आणि रुंदीवरून उंची ओळखता येई.

साठच्या दशकाच्या अखेरीस अक्षरांची पद्धत आली. ई७०-१४ यातले ई हे अक्षर टायर किती वजन पेलतो ते सांगते; अक्षर जितके पुढचे, तितका टायर मोठा. ७० म्हणजे टायरची बाजू त्याच्या रुंदीच्या ७० टक्के उंच आहे.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आजची पद्धत रुळली. १९५/७५ आर १४ म्हणजे रुंदी १९५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के, बांधणी रेडियल आणि चाक १४ इंचांचे. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तीन हिशेब कोंबणारी ही पद्धत कोणा शहाण्याने काढली असेल असे वाटत नाही, पण तिचा फायदा असा की उंची घरबसल्या काढता येते. १९५ चे ७५ टक्के म्हणजे सुमारे १४६ मिलिमीटर. ही बाजू वर एकदा आणि खाली एकदा येते, म्हणून तिची दुप्पट साधारण २९२. त्यात १४ इंचांचे ३५६ मिलिमीटर मिळवले की एकूण उंची ६४८ मिलिमीटर, म्हणजे साडेपंचवीस इंच होते. मूळ ६.९५-१४ हा टायर सव्वापंचवीस ते साडेपंचवीस इंच उंच असे. आता कुठे दोन टायरांची खरी तुलना झाली.

याच रीतीने २०५/७० आर १४ काढला तर २५.३ इंच येतात, आणि चाक १५ इंचांचे करून २१५/६० आर १५ लावला तरी सव्वापंचवीसच्या जरा खाली. वरवर वेगळे दिसणारे हे तिन्ही आकार गाडीच्या दृष्टीने एकाच उंचीचे आहेत. काठ असलेल्या ताटासारखे हे आहे: ताट तेवढेच ठेवून काठ अरुंद केला की मधला सपाट भाग मोठा होतो. चाक म्हणजे तो सपाट भाग, आणि टायरची बाजू म्हणजे काठ.

आतली वीण बदलली

मस्टँग बाजारात आली १९६४ च्या एप्रिलमध्ये, आणि तेव्हा अमेरिकन गाड्यांवर सर्रास बायस प्लाय टायर असत. भारतात ट्रकवाले ज्याला नायलॉन टायर म्हणतात तो हाच प्रकार. यात रबराच्या आतले धागे एकमेकांना तिरके छेदत एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातात. सुंभाने विणलेली बाज आठवावी. एका कोपऱ्यावर कोणी बसले की सगळी वीण हलते. या टायरचेही तसेच आहे. बाजू दबली की रस्त्यावर टेकलेला पट्टाही वेडावाकडा होतो, आणि रस्त्यावर लांब चर असेल तर गाडी त्या चराच्या मागे जाऊ पाहते.

रेडियल टायर समजून घ्यायला बैलगाडीचे चाक पुरे. त्यात तुंब्यापासून निघणारे आरे असतात आणि बाहेरून लोखंडाची धाव चढवलेली असते. रेडियलमधले धागे आऱ्यांसारखे सरळ बाहेर जातात, आणि त्यांच्यावर, नक्षीच्या रबराखाली, पोलादी तारांचे पट्टे धावेसारखे आवळलेले असतात. त्यामुळे बाजू मऊ राहून खड्डा पचवते आणि टेकलेला पट्टा मात्र सपाट राहतो. मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये या बांधणीचे पेटंट घेतले; अमेरिकेत मात्र ती फार उशिरा पोहोचली. कारखान्यातूनच रेडियल टायर घेऊन बाहेर पडलेली पहिली अमेरिकन गाडी १९७० ची लिंकन कॉन्टिनेन्टल मार्क थ्री होती. साठच्या दशकातली मस्टँग रेडियल टायर डोळ्यांसमोर ठेवून घडवलेली नव्हती, हे त्यावरून ध्यानात येईल.

म्हणून तिला रेडियल लावू नयेत असे मात्र नाही. गाडी रस्त्यावर चालवायची असेल तर रेडियलच लावावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त त्याबरोबर दोन गोष्टी बदलाव्या लागतात. पहिली म्हणजे हवा. त्या काळच्या पुस्तिकांत चोवीस पौंडांच्या आसपासचा दाब लिहिलेला असतो, आणि तेवढ्या हवेवर रेडियलची बाजू गरजेपेक्षा जास्त दबून तापते. तिला तीस पौंडांच्या आसपास किंवा थोडी अधिक हवा लागते. दुसरी म्हणजे पुढच्या चाकांचे अलाइनमेंट. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, त्यामुळे हँडल सोडले तरी चाक सरळ राहू पाहते. मोटारीतल्या या तिरकेपणाला कॅस्टर म्हणतात. जुन्या आकड्यांत तो कमी ठेवलेला असे, कारण पॉवर स्टिअरिंग नसताना चाक वळवायला हलके राहावे ही गरज होती. रेडियल लावल्यावर तो वाढवला की गाडी सरळ रेषेत अधिक ठाम चालते. अलाइनमेंट करणाऱ्याने संगणकातून १९६५ चे आकडे काढून तसेच लावले, तर नव्या टायरांचा अर्धा फायदा तेथेच बुडतो.

दोन्ही प्रकारांची सरमिसळ करू नये. एकाच आसावर एक बायस आणि एक रेडियल तर कधीच नाही.

उंचीचा एवढा आग्रह कशासाठी?

या गाड्यांत वेग मोजणारी केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाला लावलेली असते. रस्त्यावर गाडी किती पुढे गेली हे तिला ठाऊक नसते. ती फक्त फेरे मोजते. सव्वापंचवीस ते साडेपंचवीस इंचांचा टायर एका किलोमीटरला जवळपास पाचशे फेरे घेतो. त्या जागी मागून भारदस्त दिसावे म्हणून २३५/७० आर १५ लावला, तर उंची २८ इंच होते आणि फेरे साडेचारशेवर येतात. काटा ६० मैल दाखवेल तेव्हा गाडी ६६ मैलांनी धावत असेल, आणि हे पोलिसाला पटवून देणे कठीण जाईल.

काट्याची चूक गिअरबॉक्समधले छोटे प्लॅस्टिकचे दातेरी चाक बदलून सुधारता येते. ओढीवर होणारा परिणाम मात्र तसा सुटत नाही. टायर उंच झाला म्हणजे गाडीला जणू कायमचा वरचा गिअर पडला: महामार्गावर इंजिनाचे फेरे दहा टक्क्यांनी कमी होतात, आवाज कमी होतो, पेट्रोलही थोडे वाचू शकते, पण सिग्नलवरून उचल घेताना गाडी जड वाटते. उंच टायर म्हणजे लांब तरफ, आणि ती ब्रेकच्या विरोधातही जाते. दोन-तीन टक्क्यांचा फरक कोणाला जाणवणार नाही. दहा टक्क्यांचा नक्की जाणवतो.

वजनाचा प्रश्न मस्टँगसारख्या साधारण तेराशे किलोच्या गाडीला फारसा भेडसावत नाही. १९५/७५ आर १४ वर सहसा असणारा ९२ हा भारांक म्हणजे एका टायरला ६३० किलो, आणि तेवढे पुष्कळ झाले. १९५९ च्या कॅडिलॅकसारखी दोन टनांहून जड गाडी असेल तर मात्र केवळ उंची जुळली म्हणून टायर घेऊ नये, आधी भारांक पाहावा.

चाक: बोल्ट, रुंदी आणि खोली

खरी फसगत टायरपेक्षा चाकात होते, म्हणून येथे जरा थांबावे लागेल.

सहा सिलिंडरच्या १९६५-६६ मस्टँगला चार बोल्टांची चाके आहेत आणि व्ही-८ इंजिनाच्या मस्टँगला पाच. दोन्हींत बोल्टांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास साडेचार इंच, म्हणजे ११४.३ मिलिमीटर आहे. या व्यासाला पीसीडी म्हणतात. चार बोल्ट असतील तर समोरासमोरचे अंतर सरळ मोजता येते. पाच बोल्टांत कोणतेही दोन समोरासमोर नसतात. तेथे शेजारच्या दोन बोल्टांच्या मध्यांतले अंतर मोजून त्याला १.७ ने गुणावे. ६७ मिलिमीटरच्या आसपास भरले तर पीसीडी साडेचार इंच, आणि ७१ भरले तर पावणेपाच. पावणेपाच इंचांचे माप शेव्हरले कॅमेरोसारख्या जनरल मोटर्सच्या गाड्यांचे. ते १२०.६५ मिलिमीटर होते, आणि काही जर्मन गाड्यांची चाके १२० मिलिमीटरची असतात. पाऊण मिलिमीटरहून कमी फरक, नट चढतातही. पण ते आपल्या जागी नीट बसत नाहीत, आणि प्रत्येक बोल्टवर सतत आडवा ताण राहतो. असे जुगाड चाकाच्या बाबतीत करू नये.

जाता जाता डॉज आणि प्लिमथवाल्यांसाठी एक सूचना. १९७० च्या आसपासपर्यंत क्रायस्लर कंपनीच्या बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूच्या चाकांच्या बोल्टांना उलटे आटे असत. पंक्चरवाल्याने जोर लावून ते नेहमीच्या दिशेला फिरवले की बोल्टच तुटतो.

आता रुंदी. मूळ चाक १४ इंच व्यासाचे आणि ५ इंच रुंद. ही रुंदी टायरचे काठ ज्या दोन जागी टेकतात त्यांच्यामधली असते. बाहेरून मोजली तर ती साधारण एक इंच जास्त भरते. पाच इंचांच्या चाकावर १९५/७५ आर १४ व्यवस्थित बसतो. त्याहून बराच रुंद टायर चढवला तर तोंड आवळलेल्या पिशवीसारखे त्याचे पोट फुगते आणि कडा रस्त्यावर नीट टेकत नाहीत.

राहिली खोली. गाडीच्या हबला, म्हणजे बोल्ट ज्यात बसवलेले असतात त्या भागाला, टेकणारा चाकाचा सपाट भाग रुंदीच्या मधोमध आहे, आतल्या बाजूला आहे की बाहेरच्या, यावर टायर मडगार्डाखाली कुठे उभा राहणार हे ठरते. जाड भिंतीत दाराची चौकट मधोमध बसवता येते, अंगणाच्या बाजूला किंवा माजघराच्या बाजूला सरकवूनही बसवता येते. भिंतीची जाडी तीच राहते, पण उंबरठ्यावर उभे राहिल्यावर कोणत्या बाजूला किती भिंत उरली हे बदलते. मधोमधपासूनच्या या सरकण्याला ऑफसेट म्हणतात. अमेरिकेत जुन्या गाड्यांसाठी त्याऐवजी बॅकस्पेसिंग हे माप वापरतात, आणि ते घरी काढता येते. चाकाची दर्शनी बाजू खाली करून ते जमिनीवर ठेवावे, वरच्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी टाकावी, आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या भागापर्यंतची खोली मोजावी.

१५ इंच व्यासाच्या आणि ७ इंच रुंदीच्या चाकाची बाहेरून रुंदी ८ इंच भरते, मध्य ४ इंचांवर येतो. बॅकस्पेसिंग सव्वाचार इंच असेल तर ऑफसेट बाहेरच्या बाजूला पाव इंच, म्हणजे ६ मिलिमीटर. पुढे २१५/६० आर १५ सह हे चाक १९६५-६६ च्या मस्टँगला सहसा चालते, म्हणून मोजमापाची सुरुवात येथून करावी. सहसा हा शब्द मी मुद्दाम वापरतो. या गाड्या साठ वर्षांच्या झाल्या आहेत. कोणाची स्प्रिंग कापलेली, कोणाचा मडगार्ड अपघातानंतर हाताने ठोकून सरळ केलेला, कोणाचा मागचा आस दुसऱ्याच गाडीतून आलेला. एकाच वर्षाच्या दोन मस्टँगमध्ये बोटभर फरक सापडू शकतो, आणि तो कोणत्याही तक्त्यात नसतो.

माझ्या नव्या गाडीची चाके बसणार नाहीत का?

हा प्रश्न रास्त आहे, कारण टोयोटा कॅमरीसारख्या कितीतरी आधुनिक गाड्यांचा पीसीडी हाच, पाच बोल्ट आणि ११४.३ मिलिमीटर आहे. बोल्ट जुळतील. पण पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या आजच्या गाड्यांचा ऑफसेट त्याच बाजूला ४० ते ५० मिलिमीटर असतो. १७ इंची, ७ इंच रुंद आणि ४५ मिलिमीटर ऑफसेटचे चाक घेतले तर बॅकस्पेसिंग पावणेसहा इंचांच्या आसपास जाते, म्हणजे वरच्या उदाहरणापेक्षा चाक दीड इंच आत सरकते. पुढे ते सस्पेन्शनच्या भागांवर घासेल आणि मागे पाट्याच्या स्प्रिंगांवर.

हब आणि चाक यांच्यामध्ये जाड चकती, म्हणजे स्पेसर, घालून ते बाहेर काढावे, असे सुचवणारे भेटतात. योग्य चाक बाजारात मिळत असताना बोल्टांवर जादा ताण आणणारी ही उठाठेव कशासाठी करायची, हे मला कळलेले नाही. उलटी चूकही होते: चाक फार बाहेर काढले की वळताना टायर मडगार्डाच्या काठावर कापला जातो, खड्ड्यात स्टिअरिंग हाताला झटका देते आणि बेअरिंगवरचा भार वाढतो.

चौदाच इंच ठेवावीत की मोठी चाके घ्यावीत?

चौदा इंची चाके मूळ रूपाशी इमान राखतात, पण त्या मापाच्या टायरांची निवड आता फार आटली आहे. पंधरा इंचांत पांढऱ्या अक्षरांचे, जुन्या गाड्यांना शोभणारे टायर अजून बनतात, बीएफगुडरिचचे रेडियल टी/ए हे त्यांतले सर्वांत ओळखीचे. टॉर्क थ्रस्ट नावाची पाच आऱ्यांची चाकेही साठच्या दशकातलीच असल्यामुळे गाडीवर परकी दिसत नाहीत. या वर्गातल्या बऱ्याच टायरांचा वेगांक एस, म्हणजे ताशी १८० किलोमीटरचा असतो. रविवारी फिरायला जाणाऱ्या गाडीला तो कमी नाही. ज्याला वळणांवर गाडी खऱ्या अर्थाने जोरात चालवायची आहे, त्याने १७ इंचांकडे वळावे, कारण आजचे चांगली पकड असलेले रबर त्या मापांत मिळते. २२५/४५ आर १७ ची उंची बरोबर २५ इंच येते. अठरा आणि वीस इंची चाके लावलेल्या मस्टँगही दिसतात. चपटा काठ, जड चाक आणि साठ वर्षांपूर्वीचे सस्पेन्शन या तिघांचे जमत नाही. माझ्या डोळ्यांना ती गाडी मोठ्या भावाचे बूट घातलेल्या मुलासारखी दिसते.

पुढे डिस्क ब्रेक बसवलेले असतील तर ड्रमसाठी बनलेली जुनी १४ इंची चाके डिस्कला चिमटा घेणाऱ्या कॅलिपरवर अडकू शकतात. हे डिकीतल्या स्टेपनीलाही लागू आहे, आणि ते नेमके रात्री रस्त्याच्या कडेला लक्षात येते.

मूळचेच टायर मिळत असतील तर?

मिळतात. टेनेसीतल्या चॅटनूगा येथील कोकर टायर ही कंपनी जुन्या नावांचे, जुन्या मापांचे बायस प्लाय टायर बनवून विकते, आणि बायससारखे दिसणारे रेडियलही. प्रदर्शनात परीक्षकांपुढे उभ्या राहणाऱ्या गाडीला मूळ टायरच हवेत, यात वाद नाही. ते लावून रस्त्यावर जाणाऱ्याने ओल्या रस्त्यावर अंतर जास्त ठेवावे. नायलॉनच्या धाग्यांचे टायर रात्रभर उभे राहिले की खालून चपटे होतात आणि सकाळी पहिले काही मैल गाडी धडधडते; तो बिघाड नव्हे.

नक्षी शाबूत आहे, मग बदलायचे कशाला?

जुन्या गाड्या वर्षाला हजार मैलही धावत नाहीत, त्यामुळे त्यांचे टायर झिजून नव्हे, म्हातारे होऊन मरतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक असतो. २००० सालापासून त्याचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर गेल्या शतकातला आहे, आणि त्यावर घरापासून कोपऱ्यापर्यंतही जाऊ नये. अनेक टायर कंपन्या दहा वर्षांची कमाल मर्यादा सांगतात, नक्षी कितीही असो.

मुंबईत एकेकाळी शिवडीला जनरल मोटर्सचा आणि कुर्ल्याला प्रीमियरचा कारखाना होता. तेथे जोडलेल्या शेव्हरले, डॉज आणि प्लिमथ महाराष्ट्रात अजूनही निगुतीने सांभाळलेल्या दिसतात. त्यांतल्या १६ इंची चाकांच्या बऱ्याच गाड्यांना ६.००-१६ हा आकार लागतो, आणि तो भारतात जीपसाठी आजही मिळतो. त्याच आकड्याचा ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा टायरही दुकानात असतो. तो शेताच्या वेगासाठी आहे, मुंबई-पुणे रस्त्यासाठी नव्हे, आकडा सारखा असला तरी.

खरेदीच्या दिवशी क्रम असा ठेवावा. आधी टायरचा आकार ठरवावा, मग त्याला शोभणारे चाक घ्यावे. दुकानातल्या चकचकीत चाकाने सुरुवात केली की पुढचे सगळे त्याच्याशी जुळवत बसावे लागते. चाके घरी आली की त्यांवर टायर न चढवता एक पुढे आणि एक मागे नुसते लावून पाहावे, कारण एकदा टायर चढले की बहुतेक दुकाने चाक परत घेत नाहीत. स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे आणि चाकाभोवतीची मोकळी जागा पट्टीने मोजून टायरच्या मापाशी ताडून पाहावी. मग मागच्या सीटवर दोन भारी नातेवाइकांना बसवून मागची जागा पुन्हा एकदा मोजावी.